गंजावर गंज: बदलापूरच्या पावसात एक दुनळी

लोखंड काळं करायचं असेल तर आधी ते गंजू द्यावं लागतं. जुन्या बंदुकीच्या नळीवर जो निळसर काळा थर दिसतो, तो रंग नसतोच. तो गंज असतो. मुद्दाम वाढवलेला, उकळत्या पाण्यात बुडवलेला, घासून बसवलेला आणि पुन्हा वाढवलेला गंज. एका प्रकारच्या गंजाला दुसऱ्या प्रकारच्या गंजाने थोपवायचं, एवढीच त्यामागची युक्ती आहे.

हे मला कळायचं कारण एक दुनळी. बदलापूर गावातल्या माझ्या एका मित्राच्या आजोबांची. स्टेशनच्या बाजूचं कुळगाव नव्हे, नदीपलीकडचं जुनं गाव. आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी परवाना होता. आता शेतीच्या जागी टॉवर उभा आहे, आजोबा गेले, आणि बंदूक एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे. मित्राने तिचे फोटो पाठवले आणि खाली एक यूट्यूबची लिंक. अमेरिकेतला कुणीतरी गृहस्थ आपल्या गॅरेजमध्ये आजोबांची गंजलेली शॉटगन तासाभरात नव्यासारखी करतो. ‘वारसाचा परवाना झाला की घरी आणून असं करता येईल का? तू इंजिनिअर आहेस ना?’

इंजिनिअर मी सॉफ्टवेअरचा. तरी शोधत गेलो. आणि त्या तासाभराच्या व्हिडिओमागे बराच इतिहास दडलाय, त्यातला बराचसा आपल्याच भागातला, हे हळूहळू लक्षात आलं.

पहिल्यांदा पाऊस. इथे चार महिने हवा अशी असते की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, कुलपं अडकतात, सायकलची चेन लाल होते. उल्हास नदी काय करू शकते हे २६ जुलै २००५ ला सगळ्यांनी पाहिलं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा गावात लोखंडाची एक वस्तू साठ-सत्तर पावसाळे टिकवायची म्हणजे दर वर्षी कुणीतरी तिच्यामागे लागलेलं असणार. आजोबा दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंदूक उघडून, नळ्यांतून तेलाची चिंधी फिरवून, पाटावर ठेवून पूजा करत, असं मित्र सांगतो.

खंडेनवमी. लहानपणी मला वाटायचं की हा फक्त पूजेचा दिवस. तारखा नीट पाहा. आश्विन शुद्ध नवमी म्हणजे पाऊस नुकताच सरतोय. पावसाळ्यात मराठ्यांच्या मोहिमा थांबत. नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या, आणि तोड्याच्या बंदुकीचा तोडा ओला झाला की ती बंदूक म्हणजे नुसता दांडका. तोडा म्हणजे सतत धुमसत ठेवलेली सुताची वात. चाप ओढला की ती कानातल्या दारूवर टेकायची. चार महिने हत्यारं घरात, ओलसर हवेत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं तर आदल्या दिवशी प्रत्येक हत्यार बाहेर काढून, घासून, तेल लावून बघायला हवं. पूजेचा अर्थ पूजेच्या जागी राहो, पण ज्याने कुणी ही तिथी धरली त्याला गंज चांगला ठाऊक होता. आज अंबरनाथच्या एमआयडीसीत त्याच सुमारास लेथ आणि ड्रिल मशिनं पुसून त्यांना झेंडूचे हार घातले जातात. मशिन बदललं, तेलाची चिंधी तीच.

बदलापूरच्या नावाचीही एक गोष्ट सांगतात. इथे मराठ्यांच्या घोडदळाचे घोडे बदलले जात म्हणून बदलापूर. व्युत्पत्ती म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. पण घाटावरून कोकणात आणि पुढे गुजरातकडे जाणाऱ्या वाटा या खोऱ्यातून जात, एवढं नकाशा पाहूनही कळतं. घोडे बदलणाऱ्यांच्या खांद्यावरच्या बंदुकांच्या नळ्या कशा दिसत असतील? काळ्या नसाव्यात. हिंदुस्थानात त्या काळी नळीचं लोखंड घासून उजळ ठेवणं नाहीतर त्याचा ‘जौहर’, म्हणजे पोलादातली पाण्यासारखी नक्षी, उठवून दाखवणं, ही रीत होती. कंपनी सरकारच्या शिपायाची बंदूकही बहुतेक चकचकीतच असे. विटेच्या भुकटीने नळी घासणं हा शिपायाच्या दिवसाचाच एक भाग. उजळ लोखंड कवायतीत शोभून दिसतं. पण ते लांबून चमकतं आणि रोज घासून रोज थोडंथोडं झिजतं.

नळी मुद्दाम गंजवून तपकिरी करायची पद्धत युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकात पसरली. शिकाऱ्याला चमक नको होती. शिवाय तेव्हाच्या भारी नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, घणाने जोडून बनवत. त्यांना दमास्कस म्हणत. आपल्या दख्खनच्या पोलादाशी त्यांचं नातं नावापुरतंच, कारण आपल्याकडची नक्षी मुशीतल्या पोलादाच्या पोटातून येई आणि यांची पट्ट्या पिळून. अशी नळी गंजवली की लोखंड एका छटेचं होतं, पोलाद दुसऱ्या, आणि सापाच्या कातीसारखी नक्षी वर येते. बेल्जियममधल्या लीएज शहराच्या आसपास हा मोठा धंदा होता, पहिल्या महायुद्धाने तो जवळजवळ संपवला.

मित्राच्या दुनळीच्या नळीखाली, लाकूड उतरवल्यावर दिसेल अशा जागी, लंबगोलात ‘ईएलजी’ ही अक्षरं आहेत आणि वर छोटा मुकुट. लीएजच्या परीक्षागृहाचा शिक्का. हा मुकुट १८९३ पासून आला, म्हणजे बंदूक त्यानंतरची. परीक्षागृहात नव्या नळीत नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून बार काढतात. फुटली नाही तर शिक्का. लंडनमध्ये ही व्यवस्था १६३७ पासून, बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून. काही शिक्के सांगतात की नळी फक्त काळ्या दारूसाठी तपासली आहे. अशा बंदुकीत आजचं काडतूस घालणं म्हणजे आत्महत्येचा अर्ज. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासून चालू आहे, बारा बोअरची काडतुसं बनतात आणि त्यांच्या पितळी बुडावर ‘केएफ’ असतं; ती आजच्या धूररहित दारूची. म्हणजे नळीवरचे दोन-तीन मिलिमीटरचे शिक्के हे त्या वस्तूचं सगळ्यात महत्त्वाचं वाचन आहे. आणि पॉलिश पेपर सगळ्यात आधी तेच खातो.

आता रसायन. माझ्यासाठी हा सगळ्यात मजेचा भाग, म्हणून जरा रेंगाळतो.

साधा तांबडा गंज सैल असतो. तो पापुद्र्यासारखा सुटतो, खालचं लोखंड उघडं पडतं, पुन्हा गंजतं. म्हणून गंज थांबत नाही. पण लोखंडाचं आणखी एक ऑक्साइड आहे, मॅग्नेटाइट, ज्याला आपण लोहचुंबकाचा दगड म्हणतो. ते काळं, घट्ट, धातूला चिकटून बसणारं. नळीवर पातळ तांबडा गंज आणला आणि ती उकळत्या पाण्यात बुडवली की तांबड्याचा काळा होतो. मऊ तारेच्या ब्रशने किंवा बारीक स्टील वुलने वरचं सैल पीठ झाडून टाकायचं. खाली राखाडी छटा उरते. मग पुन्हा द्राव, पुन्हा ओल, पुन्हा उकळी. पाच, सात, कधी दहा फेऱ्यांनी तो खोल निळसर काळा येतो. उकळायचं नाही असं ठरवलं तर तोच गंज तपकिरी राहतो. जुन्या ठासणीच्या बंदुकांचा रंग तो.

ओल हवी म्हणून इंग्लंडचे कारागीर खास दमट पेट्या बांधत, आत गरम पाण्याची वाफ सोडत. पेटी कशाला? जुलैत बदलापूरला या. हे वाचताना मला हसू आलं होतं, कारण ज्या हवेने आजोबांची दुनळी खाल्ली तीच हवा तिला दुरुस्त करण्यासाठी आदर्श आहे. उकळायला पाणीही नळाचं नको, त्यातल्या क्लोरिनचे आणि क्षारांचे डाग पडतात. पावसाचं चालतं.

आणि द्रावातले पदार्थ? डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्याचं बंदुकीच्या इतिहासावरचं पुस्तक १८८१ साली आलं. १९३६ मध्ये आर. एच. अँजिअर याने फक्त नळ्या निळ्या आणि तपकिरी करण्याच्या कृतींचं अख्खं पुस्तक काढलं, शेकडो कृती. या जुन्या कृतींतल्या याद्या वाचताना परदेशी काही वाटत नाही. मोरचूद. नवसागर. हिराकस. रसकापूर. शोऱ्याचं आम्ल. सगळ्यांना मराठी नावं आहेत, कारण यातलं बरंचसं एकेकाळी आपल्या काष्टौषधींच्या दुकानात किंवा रंगाऱ्याकडे मिळे. मोरचूद द्राक्षबागायतदार आजही फवारतात. हिराकस आणि हिरडा एकत्र केला की काळा रंग होतो, त्याने पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवलं. रसकापूर मात्र पाऱ्याचं विष आहे. जुन्या कारागिरांच्या कृतीत ते असण्याचं आणि त्यांची तब्येत बिघडण्याचं नातं होतं. जुनी कृती म्हणजे चांगली कृती, या समजाला इथे फाटा द्यावा.

व्हिडिओतला माणूस यातलं काहीच करत नाही. तो बाटलीतला ‘कोल्ड ब्लू’ पुसतो. त्यात सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात, काही सेकंदांत काळं होतं, कॅमेऱ्यासमोर छान दिसतं आणि हाताच्या घामाने काही महिन्यांत उडतं. दुसरा मार्ग कारखान्यांचा: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं उकळतं मिश्रण, साधारण १४० अंशांवर. विसाव्या शतकात मोठ्या उत्पादनासाठी तो रूढ झाला. दुनळीला तो चालत नाही, आणि यामागचं कारण कळल्यावर मला त्या जुन्या वस्तूबद्दल आदर वाटला. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या लांब पट्ट्या शिशा-कथिलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. उकळता कॉस्टिक हा डाख खातो आणि पट्ट्यांखालच्या पोकळीत शिरून बसतो. वरून बंदूक नवी, आतून सुटत चाललेली. म्हणून दुनळीला आजही तोच जुना, सावकाश, आठवडाभराचा गंजाचा रस्ता.

आता लाकूड, आणि त्यासोबत उल्हासनगर.

बंदुकीच्या मागच्या लाकडी भागाला आपण दस्ता म्हणतो. दस्ता म्हणजे मूठ, दांडा. आणि दस्ता म्हणजे तुकडी. बदलापूरहून मुरबाडच्या बाजूला सिद्धगड आहे. तिथे २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या तुकडीचं नाव आझाद दस्ता. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणं हे त्यांचं मुख्य काम, आणि त्यासाठी लागायची ती करवत. बंदुका होत्या त्या समोरच्या बाजूला. हा असमतोल कुठून आला, त्याकडे पुढे येतोच.

इंग्लिश आणि बेल्जियन दुनळ्यांचा दस्ता अक्रोडाचा. अक्रोड हलका, चिवट, सहसा न तडकणारा. आपल्याकडे दुरुस्तीत साग आणि शिसवही लागलं. साग पाण्याला दाद देत नाही पण त्याचं स्वतःचं तेल वरच्या पॉलिशला नीट धरू देत नाही. मित्राच्या बंदुकीचा दस्ता अक्रोडाचाच आहे, पण कधीतरी कुणीतरी त्यावर जाड, तांबूस, चकाकणारं पॉलिश चढवलंय. आमच्याकडच्या जुन्या दिवाणाला असतं तसं. ते उल्हासनगरचं असावं असा माझा संशय आहे, आणि पुरावा शून्य.

उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना त्याच बराकींत ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच म्हणतात. शिपायांसाठी बांधलेल्या जागेत निःशस्त्र, घरदार गमावलेली माणसं आली आणि त्यांनी फर्निचर, कपडे, बिस्किटं, कशाचाही धंदा उभा केला. ‘मेड इन यूएसए’चा विनोद तुम्ही ऐकलाच असेल. फर्निचर बाजारातल्या पॉलिशवाल्याच्या हाताला लाख आणि स्पिरिटचं चपडी पॉलिश चांगलं बसलेलं आहे. टेबलाला ते उत्तम. बंदुकीला नाही, कारण लाखेच्या थरावर पाणी पडलं की पांढरा डाग, घामाने चिकट.

दस्त्याला हवं जवसाचं तेल. रंगाच्या दुकानात ‘लिनसीड’ किंवा ‘डबल बॉइल्ड’ म्हणा, समजतं. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी खातात, तेच जवस. हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडाच्या रंध्रांत कडक जाळं होतं. लोखंडाने ऑक्सिजन घेतला तर नुकसान, तेलाने घेतला तर संरक्षण. तळहाताने चोळायचं, जादा पुसायचं, दोन दिवस थांबायचं, पुन्हा. पावसाळ्यात आठवडाही लागतो. त्या पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्यांच्यातली उष्णता साठत जाऊन आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

दस्त्यावरचे खड्डे खरवडायचे नाहीत. ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवली की दबलेले तंतू वाफेने फुगतात आणि खड्डा बराचसा वर येतो. स्क्रूभोवती मात्र काळी वर्तुळं असतात, ती जात नाहीत. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची ती शाई आहे, हिराकस-हिरड्याचीच रासायनिक बहीण. लाकडाला गडद छटा हवी तर पोटॅशियम परमँगनेटचं पाणी ही सुतारांची जुनी युक्ती: आधी जांभळं, मग तपकिरी. हेच परमँगनेट जीन्सच्या मांड्यांवरचा रंग उडवायला वापरतात. कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या धुलाईचं पाणी वालधुनी नदीत गेलं आणि त्याचं काय झालं ते नाकाला कळतं. ज्यांना घरच्या मोरीत धातूचे आणि आम्लाचे द्राव ओतायचे आहेत त्यांनी एकदा वालधुनीच्या पुलावर उभं राहून यावं.

इथवर सगळं जमण्यासारखं वाटतं. दहा-बारा दिवस, थोडा संयम. मग घरोघरी ही विद्या का नाही? कोकणात, मावळात एके काळी बंदुका असलेली घरं होती. त्यांची डागडुजी गावातलाच लोहार आणि सुतार करत असणार.

१८५७ नंतर सरकारने हत्यारं गोळा करायला सुरुवात केली. त्याच वर्षी हत्यारांची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर कायदा आला, १८६० मध्ये दुसरा, आणि १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत तो प्रसिद्ध आर्म्स ॲक्ट. हिंदी माणसाला परवाना, युरोपियनाला सूट. दुसऱ्याच वर्षी, १८७९ मध्ये, पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी बंड केलं. हत्यारं आणि पैसा दोन्ही जमवण्यासाठी त्यांना दरोड्यांवर अवलंबून राहावं लागलं. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव होत. वंशावरची सूट पहिल्या महायुद्धानंतर काढली गेली, परवाना राहिला. सिद्धगडावरचा असमतोल इथून आला.

याला अपवाद कोडगूचा. तिथल्या कोडवांना इंग्रजांनी परवान्यातून सूट दिली आणि ती स्वतंत्र भारतातही चालू आहे. २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. कैलपोढ या सणाला ते बंदुका स्वच्छ करून फुलं वाहून पूजतात. म्हणजे त्यांची खंडेनवमी जिवंत राहिली, बंदुकीसकट. आपल्याकडे पूजेच्या पाटावर पाना-पक्कड आणि लॅपटॉप आला. वाईट झालं असं मी म्हणत नाही. घरोघरी बंदूक असलेला देश व्हिडिओत बरा दिसतो आणि बातम्यांत भयंकर. मला तो इथे नको आहे. पण हत्यारासोबत ते सांभाळायचं कौशल्यही गेलं, एवढी नोंद इतिहासात असायला हवी.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. त्यातलं कलम १३ परवान्याचं: किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षण किंवा शिकारीसाठी, आणि ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीसाठी मागितली तर सहसा परवाना द्यावा, असा त्याचा रोख. आजोबांची दुनळी या कलमाच्या काळातली. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि शिकार संपली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात परदेशी बंदुकांची सर्वसाधारण आयात बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती दुनळ्यांना भलताच भाव आला.

पण मित्राच्या प्रश्नाचं उत्तर आधीच्या दोन कलमांत आहे. कलम ५ मध्ये बनवणं, विकणं, रूपांतर करणं, तपासणं यांच्या रांगेत ‘दुरुस्ती’ हा शब्दही आहे, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा परवाना नव्हे. तेल-पुसणी मालकाने करायचीच. पण नळी उतरवून, घासून, नवा थर चढवणं ही साफसफाई की दुरुस्ती, हा वाद स्वतःच्या खर्चाने न्यायालयात लढण्याइतकी हौस मित्राला नाही. कलम ८ तर थेट बोटांपर्यंत येतं. बंदुकीवरचं नाव, नंबर, खूण पुसणं, बदलणं गुन्हा आहे. आणि ज्याच्याकडे अशी खूण पुसलेली बंदूक सापडेल त्यानेच ती पुसली असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याची. शंभर वर्षांच्या गंजाने आधीच उथळ झालेला नंबर पॉलिश पेपरच्या चार हातांत जाऊ शकतो. गेला की ती दुनळी आजोबांची राहत नाही, बेवारस हत्यार होते. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कोड सुंदर करण्याच्या नादात अख्खी कमिट हिस्टरी पुसून टाकण्यासारखं.

‘शोभेची म्हणून भिंतीवर ठेवू’ हा सगळ्या वारसांच्या तोंडी असणारा पर्याय. कलम ४५ मध्ये जुन्या, कालबाह्य हत्यारांना सूट आहे, पण अट वाचावी: ते हत्यार म्हणून वापरता येण्याजोगं नसावं, दुरुस्तीशिवाय किंवा दुरुस्ती करूनही. म्हणजे जी बंदूक घरी दुरुस्त होऊ शकते तिला ही सूट नाही. जितकी चांगली तुम्ही ती कराल तितकी ती या कलमापासून लांब जाईल.

गंमत अशी की हे सगळं शिकलेले हात इथून जवळच आहेत. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात उभ्या राहिल्या. ऑर्डनन्समध्ये बंदुका बनत नाहीत. तिथलं काम धातूचं, काडतुसांसाठी लागणाऱ्या पितळी कपांसारखं. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या तेव्हा हे दोन शेजारी दोन वेगळ्या कंपन्यांत गेले. तिथून निवृत्त झालेले फिटर, टर्नर आमच्या सोसायट्यांमध्ये राहतात. अशा एका काकांना मी नळीचे फोटो दाखवले. ते म्हणाले, ‘हिला हात लावू नका. आधी आतून मोजा.’ बाहेरचा गंज दिसतो म्हणून आपण बाहेरूनच सुरुवात करतो. नळी आतून खड्डे पडून पातळ झाली असेल तर बाहेरून घासणं म्हणजे उरलेली जाडीही काढून घेणं.

मोजमाप अजून व्हायचं आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सत्तरी गाठलेल्या किंवा पंचवीस वर्षं हत्यार बाळगलेल्या परवानाधारकाला आपल्या हयातीतच वारसाकडे ते सोपवण्याची सोय आहे. आजोबांनी ते केलं नव्हतं, त्यामुळे आता इतर वारसांची ना-हरकत पत्रं, पोलिसांची चौकशी, जागेची तपासणी. राखायला शेत नाही, मग बंदूक कशाला, हा प्रश्न अर्जावर येणार आणि त्याला प्रामाणिक उत्तर एकच आहे, की ती आजोबांची होती. नाही जमलं तर ती सरकारजमा करता येईल किंवा परवानाधारकाला विकता येईल. तोवर विक्रेता महिन्याचं भाडं घेतो आणि मित्र दर दोन-तीन महिन्यांनी तिथे जाऊन, त्याच्या समोर, तेलाची चिंधी नळीवरून फिरवून येतो. यंदा त्याने नंबराच्या जागेवर मऊ ब्रशने तेल लावून थोडा वेळ ठेवलं, नुसतं टिपून घेतलं, आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून फोटो काढला. पाच आकडी नंबर आहे. चौथा आकडा तीन की आठ, यावर आमचा ग्रुपवर वाद चालू आहे. परवान्याच्या पुस्तिकेत आठ लिहिलंय.